धडधड स्वतःची, श्वास उसना

“छाती हलतेय की, डॉक्टर. हात गरम लागतोय. त्या स्क्रीनवर ठोके दिसतायत. आणि तुम्ही म्हणता, गेला?”

मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागाबाहेर हा प्रश्न कुठे ना कुठे विचारला जात असतो. हेल्मेटविना दुचाकीवरून पडलेला तरुण, मेंदूत रक्तस्राव झालेली पन्नाशीची बाई, रातोरात गाडी करून आलेले दहा-बारा नातेवाईक आणि समोर झोपेविना तारवटलेल्या डोळ्यांचा निवासी डॉक्टर. तो ‘ब्रेनडेड’ म्हणतो. ऐकणाऱ्यांच्या कानांवर ‘कोमा’ पडतो. कोमातून माणसे उठतात, हे सगळ्यांनी सिनेमात पाहिलेले असते. मग कोणीतरी दबक्या आवाजात म्हणते, बिल वाढवायचे धंदे आहेत. दुसरा म्हणतो, किडन्या काढायच्या असतील. तिथून पुढे बोलणेच खुंटते.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. समोर जे दिसते त्यावरून शहाण्या माणसाने विचारावा असाच तो आहे. त्याला उत्तर देताना डॉक्टर स्कॅन दाखवतात, समुपदेशक अवयवदानाचे पुण्य सांगतात आणि सगळ्यात सोपी गोष्ट सांगायची राहून जाते. माणूस स्वतः श्वास घेतो आहे का? घरातली जाणती माणसे शेवटच्या घटकेला नाकाशी सूत धरून तेच तर बघत. कायद्याने ज्याला मृत्यू म्हटले आहे त्याच्या बरीच जवळ जाणारी ती तपासणी होती. आपल्या रुग्णालयांनी ती नातेवाइकांच्या डोळ्यांदेखत करावी आणि सरकारने तिच्या निष्कर्षाला अवयवदानाच्या फायलीबाहेरही मान्यता द्यावी, असे म्हणायची वेळ आली आहे. त्यासाठी आधी श्वासाचा ठेका कुठून निघतो ते बघावे लागेल.

हृदय आणि फुप्फुसे यांची नावे आपण जोडीने घेतो, पण दोघांचा कारभार अगदी वेगळा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि तो ठोक्यांचे विद्युत संदेश स्वतःच तयार करतो. मेंदू त्याचा वेग कमी-जास्त करतो. ठोका देणे हे मेंदूचे काम नाही. म्हणूनच ग्रीन कॉरिडॉर करून बर्फाच्या पेटीतून दुसऱ्या शहरात नेलेले हृदय नव्या छातीत, मेंदूकडून येणारी एकही नस जोडलेली नसताना, धडधडू लागते. फुप्फुसांना अशी सोय नाही. ती आपणहून फुगत नाहीत. त्यांना फुगवणारे श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू हातापायांच्या स्नायूंच्याच जातीचे. वरून हुकूम आल्याशिवाय ते तसूभर हलत नाहीत. श्वासपटलाला हुकूम पोचवणाऱ्या नसा मानेतून, मज्जारज्जूच्या तिसऱ्या ते पाचव्या खंडातून निघतात. हुकूम सोडणारा बसलेला असतो आणखी वर, मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभात. शाळेच्या पुस्तकातले ‘मस्तिष्कपुच्छ’ म्हणजे याच स्तंभाचा सगळ्यात खालचा भाग. ‘अनैच्छिक क्रियांचे नियंत्रण करते’ असे एका गुणाचे उत्तर लिहून मुले त्याला कायमचा रामराम ठोकतात.

श्वासाचे हे ठिकाण सापडायला फार वेळ लागला. दुसऱ्या शतकात गॅलेनने जनावरांवर प्रयोग करून पाहिले होते, की मज्जारज्जू मानेत वरच्या बाजूला कापला तर श्वास तत्काळ थांबतो, खाली कापला तर श्वासपटल चालू राहते. पुढचे पाऊल पडले ते थेट १८१२ मध्ये. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ सेझार लेगालुआ यांनी सशांचा मेंदू पुढून मागे कापत नेला. मोठा मेंदू गेला, श्वास चालू. लहान मेंदू गेला, श्वास चालू. चाकू मस्तिष्कपुच्छातल्या एका ठरावीक जागी पोचला आणि श्वास थांबला. आज अंगावर काटा आणणारा प्रयोग. पण श्वासाची किल्ली इतक्या लहान जागेत आहे हे त्याआधी कोणी इतके नेमके दाखवले नव्हते.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९४५ मध्ये हाच प्रयोग चुकून झाला. फ्रूटा गावच्या एका शेतकऱ्याने जेवणासाठी कोंबडा कापला, कुऱ्हाड जरा वर बसली, डोके गेले पण मस्तिष्कस्तंभाचा बराचसा भाग मानेवर राहिला. मालकाने ड्रॉपरने अन्ननलिकेत दाणापाणी घातले आणि तो कोंबडा दीड वर्ष जगला, गावोगावच्या जत्रांमध्ये तिकीट लावून दाखवला गेला. डोके नसलेला कोंबडा श्वास घेतो हा चमत्कार नव्हता. श्वास घेणारे डोके शिल्लक होते, एवढेच.

किल्लीची जागा कळली तरी ठेका धरतो कोण, हे कोडे विसावे शतक संपत आले तरी सुटले नव्हते. १९९१ मध्ये जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात उंदराच्या मस्तिष्कपुच्छाची जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची चकती कापली आणि क्षारांच्या प्राणवायूयुक्त द्रावणात ठेवली. शरीर नाही, फुप्फुसे नाहीत, छाती नाही. तरीही त्या चकतीतून बाहेर पडणाऱ्या नसेवर ठरावीक अंतराने संदेशांचा झोत उमटत राहिला. कोणीही न घेतलेल्या श्वासाची लय काचेच्या बशीत चालू होती. चकतीतल्या ज्या लहानशा भागामुळे हे घडत होते त्याला त्यांनी ‘प्री-ब्योट्झिंगर कॉम्प्लेक्स’ म्हटले. नावाची गोष्टही मजेदार. काही वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका परिषदेत शेजारच्या पेशीसमूहाला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा टेबलावर ब्योट्झिंगन गावच्या वाइनची बाटली होती. फेल्डमन यांनी तेच नाव सुचवले. आपल्या पहिल्या रडण्यापासूनचा प्रत्येक श्वास ज्या जागेतून निघतो तिला वाइनच्या बाटलीवरून नाव पडावे, हा शास्त्रज्ञांचा विनोद कोणालाही न दुखावणारा आहे.

या पेशींमध्ये ‘एक, दोन, तीन, आता!’ म्हणणारा कोणी म्होरक्या सापडलेला नाही. भजनाला बसलेल्या मंडळींत एखादा टाळ हलके वाजतो, शेजारचा त्यात मिसळतो आणि बघता बघता सगळी मंडळी एका ठेक्यात येतात, तसेच काहीसे घडते. थोड्या पेशी सुटतात, त्या इतरांना चेतवतात, क्षणभर सगळ्या एकदम उसळतात, श्वासपटलाला हुकूम जातो, छाती भरते. मग उसळी ओसरते आणि श्वास आपसूक बाहेर पडतो. मिनिटाला बारा ते सोळा वेळा, दिवसाला वीस हजारांच्या आसपास, झोपेतही. शेजारच्या काही पेशींकडे तर उसाशाचे खाते आहे. माणूस साधारण दर पाच मिनिटांनी नकळत एक दुप्पट खोल श्वास घेतो. मिटत चाललेले वायुकोश उघडण्यासाठी तो लागतो. दुःखाशी त्याचा संबंध असलाच तर नंतरचा. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये दाखवले की हे काम जेमतेम दोनशे पेशी करतात.

ठेका आत धरला जातो. किती जोरात धरायचा हे मात्र रक्त ठरवते. १९०५ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी सिद्ध केले की एरवी आपल्या श्वासाचा लगाम प्राणवायूच्या हाती नसतो. तो असतो कार्बन डायऑक्साइडच्या हाती. हा वायू साचला की रक्त आणि मेंदूभोवतीचा द्राव किंचित आम्ल होतात, मस्तिष्कस्तंभाच्या पृष्ठभागाजवळच्या पेशींना ते तत्क्षणी कळते आणि श्वास वाढतो. फुप्फुसांकडूनही उलट टपाल येत असते. फुप्फुसांच्या केशवाहिन्यांशेजारी पाणी साचू लागले की चेतणारी ‘जे’ ग्राहके १९५० च्या दशकात ऑटर सिंग पेंटल यांनी शोधली. त्यांनी पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये आयुष्यभर हा विषय लावून धरला. हृदय थकलेला म्हातारा जिना चढताना धापा टाकतो त्यामागे जी कारणे असतात, त्यांत पेंटलांची ही ग्राहकेही आहेत.

आपण मनाने श्वास रोखू शकतो, लांबवू शकतो. मेंदूचा वरचा भाग त्या वेळी मस्तिष्कस्तंभाला बाजूला सारून थेट स्नायूंशी बोलतो. पण ही मुभा थोड्या वेळापुरतीच. कार्बन डायऑक्साइड ठरावीक पातळीवर गेला की आतला ठेका मनाला न जुमानता उसळतो. श्वास रोखून कोणाला जीव देता येत नाही तो यामुळे. विहिरीत तळ गाठण्याच्या पैजा लावणारी पोरे बुडी मारण्याआधी धपाधप दहा-वीस श्वास घेतात, ते मात्र जिवावर बेतते. त्याने प्राणवायूचा साठा नावापुरताच वाढतो. कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. मग धोक्याची सूचनाच येत नाही आणि पाण्याखाली, गुदमरल्याची जाणीवही न होता, शुद्ध हरपते. पोहायला शिकवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी हे सांगायला हवे.

जाता जाता प्राणायामाबद्दल. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत मोजून पाहण्याचा आग्रह धरला. तो आग्रह आज अधिक हवा आहे. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या चमूने उंदरांत श्वासाच्या ठेक्यातून मेंदूच्या जागृतीकेंद्राकडे जाणारी एक वाट दाखवली. ती तोडल्यावर उंदीर विलक्षण शांत झाले. एवढ्यावरून ‘प्राणायाम सिद्ध झाला’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले. संथ श्वासाने मन का निवते याचा तो एक धागा असू शकतो. उंदरांना कोणी अनुलोम-विलोम शिकवलेला नव्हता.

आता आयसीयूकडे. मस्तिष्कस्तंभ बंद पडला तर पूर्वी प्रश्नच उरत नसे. श्वास थांबे, प्राणवायू संपे, काही मिनिटांत हृदयही थांबे. श्वास आणि ठोका यांच्यामध्ये फट पाडली ती यंत्राने, आणि ते यंत्र रुग्णालयांत पोचण्याची सुरुवात एका साथीपासून झाली.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. या वेळी विषाणू अनेकांच्या पायांबरोबर थेट मस्तिष्कपुच्छावर आणि श्वासाच्या स्नायूंच्या नसांवर घाला घालत होता. शहराच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वास देणारे ‘लोखंडी फुप्फुस’ एकच होते. श्वास अडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन आठवड्यांत दगावले. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावण्यात आले. रक्तात वाढलेले बायकार्बोनेट पाहून इतर डॉक्टरांना काही अनाकलनीय चयापचयविकार वाटत होता. इब्सेन म्हणाले, हा साचलेला कार्बन डायऑक्साइड आहे, मुले श्वासाअभावी मरताहेत. २७ ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग पुढचे कित्येक महिने वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशेजारी बसले आणि हाताने पिशव्या दाबत राहिले. जगातल्या अतिदक्षता विभागांचा उगम तिथे आहे. त्यांतली यंत्रे नंतर आली. त्यांचा पहिला व्हेंटिलेटर म्हणजे विशीतल्या पोरांचे हात होते.

त्या मुलांच्या बाबतीत उसन्या श्वासाने वेळ मिळवून दिली; पुष्कळांच्या नसा सावरल्या. पण व्हेंटिलेटर सगळीकडे पोचल्यावर दुसऱ्याच प्रकारचे रुग्ण दिसू लागले. मेंदू सुजून कवटीतला दाब इतका वाढलेला की रक्तच वर चढत नाही, मस्तिष्कस्तंभ चिरडला गेलेला, आणि तरी यंत्र छाती हलवते आहे व स्वयंभू हृदय धडधडते आहे. १९५९ मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गुलाँ यांनी या अवस्थेला ‘कोमाच्या पलीकडची’ म्हटले. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने आणि १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय रॉयल कॉलेजांच्या परिषदेने तिचे निकष बांधले. ब्रिटनने भर दिला मस्तिष्कस्तंभावर आणि भारताने तोच मार्ग धरला. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले म्हणून. हा कायदा मागणाऱ्यांत आपण पहिल्या रांगेत होतो, हे मुंबईत किंवा पणजीत किती जणांना ठाऊक आहे?

मस्तिष्कस्तंभ जिवंत असणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने चार दशके पाहिले. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये अत्याचार झाला आणि त्यांच्या मेंदूच्या वरच्या भागाला कायमची इजा झाली. २०१५ पर्यंत त्या जगल्या. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा प्रसिद्ध निकाल त्यांच्याच प्रकरणातला. त्या व्हेंटिलेटरवर नव्हत्या. श्वास त्यांचा स्वतःचा होता. झोप-जागेचे चक्र होते. भरवलेला घास त्या गिळत. त्या ब्रेनडेड नव्हत्या, कोणत्याही अर्थाने मृत नव्हत्या, आणि केईएमच्या परिचारिकांनी त्यांना जिवंत माणसासारखेच सांभाळले. ‘कोमा’, ‘ब्रेनडेड’, ‘व्हेजिटेटिव्ह’ हे शब्द बातम्यांत एकमेकांच्या जागी टाकणाऱ्या पत्रकारांनी या एका प्रकरणाचा नीट अभ्यास केला तरी वाचकांवर उपकार होतील.

उलट, ज्याचा मस्तिष्कस्तंभ गेला आहे त्याची परीक्षा कशी होते? बुबुळावर प्रकाश टाकून, डोळ्याच्या पारदर्शक पटलाला कापसाने स्पर्श करून, कानात थंड पाणी सोडून, घशात नळी हलवून एकेक प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात. शेवटची आणि निर्णायक चाचणी श्वासाची. तिला ‘अ‍ॅप्निया टेस्ट’ म्हणतात. आधी दहा-पंधरा मिनिटे शंभर टक्के प्राणवायू देतात, म्हणजे चाचणीत शरीराला त्याची वाण पडणार नाही. धमनीतले रक्त घेऊन ब्लड गॅस करतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब चाळीसच्या आसपास असल्याची खात्री करतात. मग व्हेंटिलेटर सोडवतात. श्वासनळीत बारीक नळीने प्राणवायू चालूच ठेवतात. छाती आणि पोट उघडे. आठ ते दहा मिनिटे डॉक्टर फक्त बघत राहतात. मिनिटागणिक कार्बन डायऑक्साइड वाढतो. जिवंत मस्तिष्कस्तंभाला एवढ्यात धाप लागली असती. माणूस तडफडला असता. दाब साठच्या वर गेला, दुसऱ्या नमुन्याने तसे दाखवले आणि छातीने एकदाही उचल घेतली नाही, तर ठेका धरणारे कोणी उरलेले नाही. आपल्या नियमांनुसार हे सारे किमान सहा तासांच्या अंतराने पुन्हा करावे लागते, आणि सही करणाऱ्या चार डॉक्टरांपैकी एकही प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला असून चालत नाही.

ही दहा मिनिटे नातेवाइकांपैकी एखाद-दोघांना पाहू द्यावीत. दार लावून, पडदा ओढून केलेल्या चाचणीचा निकाल कागदावर सांगितला की संशयाला जागा मिळते; काकांनी स्वतः पाहिलेली गोष्ट काका बाहेर जाऊन चार शब्दांत सांगतात आणि ती पटते. न्यू मेक्सिकोतल्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये हे पडताळून पाहिले. तपासणीच्या वेळी हजर राहिलेल्या नातेवाइकांना ब्रेन डेथ म्हणजे काय हे अधिक चांगले कळले, आणि त्यांना मानसिक त्रास अधिक झाला असे दिसले नाही. एक अडचण खरी आहे. मज्जारज्जू शाबूत असेल तर यंत्र काढल्यावर क्वचित हात आपोआप वर उचलला जातो. आधी सांगितले नसेल तर बघणाऱ्याच्या काळजाचे पाणी होईल. म्हणून आधी सांगायचे. त्यासाठी पाच मिनिटे बसून मराठीत बोलणारा माणूस हवा, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत नेमके घोडे तिथेच अडते.

संशय घेणाऱ्यांच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा कोकणातून आणि विदर्भातून येतो, आणि तो नजरेआड करून चालणार नाही. मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. दंश दुखत नाही, खूण दिसेलच असे नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि श्वास बंद पडतो. तिचे विष मज्जातंतूची टोके निकामी करते. मस्तिष्कस्तंभ आत ठणठणीत आहे, हुकूम सोडतो आहे, पण एकाही स्नायूपर्यंत तो पोचत नाही. बुबुळे विस्फारलेली, प्रकाशाला दाद नाही, हातपाय लुळे, श्वास शून्य. खाटेशेजारून पाहिले तर हुबेहूब ब्रेनडेड. आणि हा माणूस आत जागा असू शकतो, सगळे ऐकत असू शकतो. व्हेंटिलेटरवर काही दिवस ठेवले तर तो उठून घरी जातो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण रुग्णालयाच्या मर्यादेत मण्यार आणि नागदंशाच्या रुग्णांवर उपचार करून त्यावर लिहिले आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही असे रुग्ण माहीत आहेत. म्हणूनच चाचणीच्या आधी पूर्वअटी असतात. बेशुद्धीचे कारण निश्चित माहीत हवे, झोपेच्या किंवा मॉर्फिनच्या जातीच्या औषधांचा अंमल उतरलेला हवा, स्नायू शिथिल करणारी औषधे नकोत, अंग थंड पडलेले नको, विषबाधा नको. कीटकनाशकाच्या विषबाधेचाही यात समावेश होतो, आणि २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळने काय पाहिले ते वेगळे सांगायला नको. पूर्वअटी पाळल्या तर निदान पक्के; त्या गाळल्या तर ते निदान नव्हेच.

एवढी काटेकोर परीक्षा झाल्यावर कायदा काय म्हणतो? दोन गोष्टी म्हणतो. १९९४ च्या कायद्यात मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात ‘जीविताच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे’ म्हणजे मृत्यू, आणि त्यात मस्तिष्कस्तंभाचे नावही नाही. फौजदारी कायद्याची व्याख्या तर मासलेवाईक आहे: मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू. परिणाम असा, की कुटुंब अवयवदानाला हो म्हणाले तर माणूस मृत. नाही म्हणाले तर तोच माणूस, त्याच खाटेवर, त्याच रक्ततपासणीसह, व्यवहारात जिवंत. यंत्र काढायला डॉक्टर धजावत नाहीत. हृदय आपणहून थांबेपर्यंत दिवस जातात, बिल चढत राहते, आणि खाली कॅज्युअल्टीत दुसरा एखादा व्हेंटिलेटरची वाट बघत असतो. मृत्यू हा नातेवाइकांच्या संमतीवर अवलंबून असू शकत नाही. आपल्याकडे तो तसा आहे.

जपानने हीच चूक करून पाहिली. १९६८ मध्ये साप्पोरोत जुरो वाडा या सर्जनने केलेल्या हृदय प्रत्यारोपणात दाता खरोखर मृत होता का, यावरून एवढे वादळ उठले की पुढे कित्येक वर्षे तिथे हा विषयच वर्ज्य झाला. १९९७ मध्ये कायदा आला तोही ‘दान करायचे असेल तरच ब्रेन डेथ’ अशा थाटाचा. मृत्यूची व्याख्या अवयवांच्या गरजेशी बांधली की लोकांना वाटणारच, की व्याख्या अवयवांसाठीच केली आहे. आपल्याकडे किडनीच्या काळ्या बाजाराच्या बातम्यांनी त्या संशयाला खतपाणी घातले. देशात मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांचे प्रमाण अजून दहा लाख लोकसंख्येमागे एकाच्याही खाली आहे. स्पेनमध्ये ते पंचेचाळीसच्या वर आहे. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या समन्वय समित्या मन लावून काम करतात, पण घोषवाक्ये आणि मॅरेथॉनने हा आकडा फारसा हलणार नाही. ज्या घराला मृत्यूच पटलेला नाही, त्या घराकडे दान कसे मागणार?

केरळने २०२० मध्ये आदेश काढून मस्तिष्कस्तंभ मृत्यूचे निदान अवयवदानापासून वेगळे केले. दान होवो न होवो, निकष पूर्ण झाले की मृत्यू जाहीर करायचा. महाराष्ट्राने असा आदेश काढायला हरकत काय? १९६९ च्या कायद्यातली व्याख्या दुरुस्त करणे संसदेच्या हातात आहे आणि तीही मागणी आपल्याच विधिमंडळाने पुन्हा एकदा करावी. तोवर राज्याच्या आदेशात दोन गोष्टी असाव्यात. अ‍ॅप्निया टेस्ट पाहण्याचा नातेवाइकांचा हक्क, आणि पूर्वअटींची मराठीतली यादी असलेला, भरून सही केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही असा फॉर्म. ‘रुग्ण रात्री जमिनीवर झोपला होता का, सर्पदंशाची शक्यता आहे का’ हा रकाना त्या फॉर्मच्या पहिल्याच पानावर हवा. पावसाळ्यात, अपघाताच्या चार केसेस एकदम आलेल्या रात्री, तो प्रश्न आठवणीने विचारला जाईल याची दुसरी कोणतीही हमी आजच्या व्यवस्थेत नाही.